नाव यंत्रानं दिलं, दगडाला विचारलं का?

या वेळच्या टपालात सिलिकेट खनिजं आणि क्ष-किरण विवर्तन (स्फटिकावर पडलेले क्ष-किरण ठरावीक कोनांतच परततात, त्या कोनांवरून खनिज ओळखण्याची पद्धत) या विषयावरची पत्रं बरीच आहेत. त्यांतल्या दोन पत्रांना सविस्तर उत्तर देते, बाकीच्यांना थोडक्यात.

प्रश्न : मी भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. प्रबंधासाठी पट्टिताश्माचा (नाइस) एक नमुना दळून त्याचा क्ष-किरण आलेख काढला. त्याच दगडाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा क्वार्ट्झ आणि फेल्स्पार भरपूर होते, काळा बायोटाइट अभ्रक अगदी थोडा होता. आलेखात मात्र सगळ्यांत उंच शिखर अभ्रकाचं आलं. सॉफ्टवेअरनं अभ्रक निम्म्याहून जास्त दाखवला आणि त्याला नावही मस्कोव्हाइटचं (पांढऱ्या अभ्रकाचं) दिलं. बरोबरीचे विद्यार्थी म्हणतात, यंत्र डोळ्यांपेक्षा अचूक असतं, तेच आकडे लिही. काय करू?

ते आकडे लिहू नका. तुम्ही छेदात जे पाहिलंत त्यावर विश्वास ठेवा आणि आलेख पुन्हा काढा. यंत्र बिघडलेलं नाही. त्यानं जे मोजलं ते बरोबरच मोजलं असणार. पण त्याच्यासमोर जी भुकटी ठेवली गेली, ती तुमच्या दगडाची प्रामाणिक प्रतिनिधी नव्हती.

भुकटीच्या पद्धतीचं सगळं गणित एका अटीवर उभं आहे: कण सर्व दिशांना सारखेच विखुरलेले हवेत. अभ्रक ही अट मोडतो. त्याचे अणू पत्र्यांच्या थरांत रचलेले असतात आणि दोन पत्र्यांमधलं बंधन कमजोर असतं. म्हणून कितीही दळा, त्याचे चपटेच कण होतात. नमुनापात्रात भुकटी भरून वरून काच दाबली की हे कण झाडाखालच्या पानांसारखे आडवे पडतात. मग सगळ्या कणांचे पत्रे पृष्ठभागाला समांतर आणि त्या एकाच दिशेतलं परावर्तन अवाच्या सवा मोठं. तांब्याच्या नळीचे किरण (तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम; अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंश) वापरले असतील, तर तुमचं ते उंच शिखर ८.८ अंशांजवळ असेल. अभ्रकाच्या पत्र्यांमधलं अंतर सुमारे १० अँगस्ट्रॉम आहे, त्याचं ते शिखर. आलेखातली उंची म्हणजे दगडातलं प्रमाण नव्हे, हे वाक्य प्रयोगशाळेच्या दारावर लिहून ठेवावं असं मला फार वाटतं.

आता दुसरी अडचण. क्वार्ट्झचं सर्वांत ठळक शिखर २६.६ अंशांजवळ येतं, म्हणजे ३.३४ अँगस्ट्रॉम अंतराचं. अभ्रकाचे १० अँगस्ट्रॉमचे थर पहिल्या क्रमानं परावर्तन देतात, तसं दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमानंही देतात. दहाला तीननं भागलं की ३.३३. म्हणजे अभ्रकाचं तिसरं परावर्तन थेट क्वार्ट्झच्या शिखरावर जाऊन बसतं. तिथली बेरीज सॉफ्टवेअर कुणाच्या नावावर टाकेल, ते त्याला दिलेल्या उमेदवारांच्या यादीवर अवलंबून आहे. अशा वेळी मी क्वार्ट्झच्या मोठ्या शिखराकडे बघतच नाही. २०.९ अंशांजवळ त्याचं ४.२६ अँगस्ट्रॉमचं धाकटं शिखर असतं आणि तिथे अभ्रक फारसा आड येत नाही. क्वार्ट्झ किती, याचा अंदाज तिथून घेते. फेल्स्पारसाठी २७ ते २८ अंशांची जागा पाहा. मायक्रोक्लीन २७.५ च्या आसपास, अल्बाइट २७.९ च्या आसपास. ही दोन शिखरं वेगळी दिसत नसतील, तर घाईनं चालवलेला आलेख बाजूला ठेवा आणि पायरी बारीक करून हळू चालवा.

मस्कोव्हाइट की बायोटाइट, याचंही उत्तर तुमच्या आलेखातच आहे. १० अँगस्ट्रॉमच्या शिखरानं ते कधीच कळणार नाही, कारण दोघांचे थर जवळजवळ सारख्याच जाडीचे. पण ५ अँगस्ट्रॉमचं, म्हणजे दुसऱ्या क्रमाचं शिखर पाहा. मस्कोव्हाइटमध्ये ते चांगलं ठसठशीत असतं. बायोटाइटमध्ये अष्टफलकांच्या (सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या जागांच्या) थरात लोह असतं, लोहाचे इलेक्ट्रॉन जास्त, त्यामुळे त्या क्रमाच्या लहरी एकमेकींना बव्हंशी खोडून टाकतात आणि शिखर अगदी दुबळं होतं, कधी दिसतही नाही. दुसरी खूण ६० अंशांपलीकडे आहे. मस्कोव्हाइटचं १.५० अँगस्ट्रॉमचं परावर्तन ६१.८ अंशांजवळ येतं, बायोटाइटचं १.५४ चं ६०.१ जवळ. बहुतेक विद्यार्थी आलेख ६० अंशांवरच थांबवतात. तुम्ही ७० पर्यंत न्या. ६८ अंशांच्या आसपास क्वार्ट्झच्या पाच शिखरांचा एक गुच्छ असतो. तो सुटासुटा दिसला, तर यंत्राचं जुळवणं ठीक आहे, हेही त्याच फेरीत कळतं.

नमुना पुन्हा बनवताना कण दहा मायक्रॉनच्या खाली आणा. अकीकाच्या खलात थोडं अल्कोहोल घालून ओलं दळा, कोरडं दळू नका. अभ्रकाचे पापुद्रे लवचिक असतात, कोरड्या खलात ते नुसते घसरत राहतात, आणि फार वेळ रगडलं तर कणांची मूळ रचनाच बिघडते. अकीक स्वतः क्वार्ट्झच आहे, तेव्हा कठीण दगड तासन्‌तास घोटलात तर त्याचा अंश नमुन्यात उतरतो, हे ध्यानात असू द्या. भुकटी पात्रात वरून दाबून भरू नका. मागच्या बाजूनं किंवा कडेनं भरायची सोय असलेलं पात्र मिळतं, ते मागा. नमुना फिरवत ठेवल्यानं हा दोष जाईल असं तुम्हाला कुणी सांगेल. तो जात नाही. फिरवल्यानं मोजणीत जास्त कण येतात एवढंच, आडवे पडलेले कण आडवेच फिरतात.

शेवटी, टक्केवारी मांडताना दगडाचं रासायनिक विश्लेषण शेजारी ठेवा. निम्मा दगड खरोखर बायोटाइट असता, तर त्यात लोह, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम भरपूर निघालं असतं. मस्कोव्हाइट असता, तर पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम. छेदातली मोजणी, रसायन आणि आलेख हे तिघे एकमेकांशी जुळले की मगच आकडा लिहा. सॉफ्टवेअर जे नाव सुचवतं ती शक्यता असते. ती तपासून खरी ठरवायचं काम दगड पाहिलेल्या माणसाचं आहे, आणि या प्रबंधात तो माणूस तुम्ही आहात.

प्रश्न : मी निवृत्त रसायनशिक्षक. आमच्या काळी सिलिकेटं म्हणजे निरनिराळ्या सिलिसिक आम्लांचे क्षार, असं शिकवत असू: ऑर्थो, मेटा, ट्रायसिलिसिक. नातीच्या पुस्तकात आता सुटे चतुष्फलक (मध्ये सिलिकॉन, चार कोपऱ्यांवर ऑक्सिजन), कडी, साखळ्या, पत्रे आणि सांगाडे आहेत. ती आम्लं गेली कुठे? आणि या न दिसणाऱ्या साखळ्या आहेत, हे ठरवलं कसं?

सर, तुमचा प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला. खनिजशास्त्रातलं माझं सर्वांत आवडतं प्रकरण हेच आहे.

जुन्या पद्धतीचा दोष रसायनशास्त्रज्ञांच्या हुशारीत नव्हता. त्यांच्या हाती जे साधन होतं, त्यात खनिज आधी वितळवावं किंवा विरघळवावं लागे. विरघळलं की कुठला अणू कुणाशेजारी होता, ही माहिती कायमची गेली. उरतं ते प्रमाण. त्या प्रमाणावरून त्यांनी आम्लं कल्पिली. आता दोन खनिजं घ्या: वैदूर्य (बेरिल) आणि डायोप्साइड. दोन्हींत सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं प्रमाण एकास तीन. जुन्या हिशेबानं दोन्ही मेटासिलिसिक आम्लाचे क्षार. पण वैदूर्याचे षट्कोनी खांब होतात, तर डायोप्साइड जवळजवळ काटकोनात भेटणाऱ्या दोन दिशांनी फुटतं. हा फरक प्रमाणातून निघणं शक्यच नव्हतं.

१९१२ साली म्युनिकमध्ये माक्स फोन लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी मोरचुदाच्या स्फटिकातून क्ष-किरण पाठवले आणि छायापट्टीवर ठिपके उमटले. त्याच वर्षी केंब्रिजच्या तरुण लॉरेन्स ब्रॅगनी ते ठिपके म्हणजे अणूंच्या समांतर पातळ्यांवरून झालेलं परावर्तन आहे, असं दाखवून दिलं. कोन मोजा, तरंगलांबी ठाऊक असू द्या, पातळ्यांमधलं अंतर मिळतं. १९१३ मध्ये मिठाची रचना सुटली आणि मिठात मिठाचा रेणूच नाही, हे उघड झालं. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, जोडी कुणाचीच नाही. अनेक रसायनशास्त्रज्ञांना ते पचायला जड गेलं. आम्लांच्या कल्पनेला खरा तडा इथेच गेला होता. सिलिकेटांपर्यंत तो पोहोचायला आणखी बारा-पंधरा वर्षं लागली एवढंच.

इतका वेळ का लागला? मिठात शोधायचं असं जवळजवळ काहीच नसतं, सगळे अणू सममितीनंच आपापल्या जागी बसवलेले असतात. सिलिकेटात मात्र डझनभर निर्देशक अज्ञात असतात. शिवाय विवर्तनात शलाकेची तीव्रता मोजता येते, लहरीची कला (म्हणजे ती कुठल्या टप्प्यावर पोहोचली ते) हाती लागत नाही. त्यामुळे आलेखावरून उलट दिशेनं सरळ रचनेकडे जाता येत नव्हतं. आधी रचना कल्पायची, तिच्यापासून तीव्रता किती यायला हव्यात ते काढायचं, मोजलेल्याशी ताडायचं, जुळलं नाही की पुन्हा कल्पायचं. कल्पना करायला काहीतरी आधार हवा होता.

तो आधार मँचेस्टरला मिळाला. ब्रॅग १९१९ पासून तिथे प्राध्यापक होते. सिलिकेटात सर्वांत जास्त जागा ऑक्सिजन व्यापतो, हे त्यांच्या लक्षात आलं. ऑक्सिजनचे आयन सुमारे २.७ अँगस्ट्रॉम व्यासाचे, सिलिकॉन त्यामानानं अगदी लहान. मग आधी ऑक्सिजन रचा, आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांत धातू कुठे बसतात ते शोधा. १९२६ साली ऑलिव्हीन असंच सुटलं: ऑक्सिजन जवळजवळ दाट रचलेले, प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन १.६ अँगस्ट्रॉमवर, आणि हे चतुष्फलक एकमेकांपासून सुटे. त्याच वर्षी ब्रॅग आणि वेस्ट यांनी वैदूर्य सोडवलं. तिथे सहा चतुष्फलक कोपऱ्यांना जोडून कडं झालं होतं. १९२८ मध्ये अमेरिकेहून आलेल्या बर्ट्रम वॉरन यांनी ब्रॅग यांच्याबरोबर डायोप्साइड सोडवलं आणि तिथे निघाली न संपणारी साखळी. तिचा एक आकृतिबंध ५.२५ अँगस्ट्रॉमनंतर पुन्हा येतो. दोन्ही ठिकाणी प्रत्येक चतुष्फलक आपले दोन कोपरे शेजाऱ्यांना देतो, म्हणून दोन्हीकडे प्रमाण एकास तीनच. कडं आणि साखळी यांतला फरक रासायनिक तराजूला कळणं शक्य नव्हतं, क्ष-किरणांना तो कळला.

यापुढचा भाग मला फार प्रिय आहे. वॉरन यांनी ट्रेमोलाइट हे अँफिबोल हाती घेतलं. त्याची एकक कोशिका (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारी सर्वांत लहान पेटी) मोजली, तर दोन बाजू डायोप्साइडच्या बाजूंशी जवळजवळ जुळत होत्या. तिसरी मात्र दुप्पट होती. डायोप्साइडची ८.९ अँगस्ट्रॉम, ट्रेमोलाइटची १८. कल्पना करा, एवढ्या तीन लांबींवरून त्या माणसाला काय सुचलं असेल. शेजारच्या दोन साखळ्या आरशातल्या प्रतिमेसारख्या समोरासमोर आणून जोडल्या, तर रुंदी दुप्पट होते आणि बाकी सगळं तसंच राहतं. जोडसाखळीत सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं प्रमाण चारास अकरा येतं. साखळीच्या आतले बंध मजबूत, त्यामुळे दगड फुटताना भेग साखळ्यांना वळसा घालून जाते. एकेरी साखळीला वळसा घालताना पाटनाचा (ठरावीक पातळ्यांवर फुटण्याचा) कोन ८७ अंश होतो, रुंद जोडसाखळीला घालताना ५६ अंश. पायरॉक्सीन (डायोप्साइडसारखी एकेरी साखळीची खनिजं) आणि अँफिबोल (जोडसाखळीची) ओळखायला विद्यार्थी हे दोन कोन पाठ करतात. ते कोन साखळ्यांच्या रुंदीतून आलेले आहेत, हे त्यांना तिथेच सांगायला हवं. एकदा सांगितलं की कोन पाठ करावे लागत नाहीत.

ब्रॅग यांनी १९२९ मध्ये डायोप्साइडचे तीन दिशांनी पाहिलेले इलेक्ट्रॉन-घनतेचे नकाशे काढले. समोच्चरेषांच्या त्या नकाशांत अणू टेकड्यांसारखे वर आलेले दिसतात. रचना कल्पून ताडून पाहण्याच्या काळाला तिथून ओहोटी लागली. पुढे १९३० साली लायनस पॉलिंग यांनी अभ्रकाचे पत्रे मांडले, आणि १९३३ मध्ये टेलर यांनी सॅनिडीनचा, म्हणजे एका फेल्स्पारचा, त्रिमितीय सांगाडा.

आता तुमच्या ट्रायसिलिसिक आम्लाचं. ते कल्पावं लागलं फेल्स्पारमुळे. अल्बाइटमध्ये सिलिकॉन तीन आणि ऑक्सिजन आठ, हे प्रमाण दुसऱ्या कुठल्याच आम्लात बसेना. फेलिक्स माचात्श्की यांनी १९२८ मध्ये अडचणीचं मूळ दाखवलं: फेल्स्पारमधला ॲल्युमिनियम हा धातू म्हणून बाहेर उभा नाही, तो सिलिकॉनच्याच जागी चतुष्फलकात बसला आहे. त्याला सिलिकॉनबरोबर मोजा. तीन अधिक एक चार, आणि ऑक्सिजन आठ. एकास दोन, म्हणजे क्वार्ट्झचंच प्रमाण. चारही कोपरे वाटून घेतलेला सांगाडा. ट्रायसिलिसिक आम्लाची गरजच उरली नाही. तेव्हा सर, तुम्ही शिकवलेली प्रमाणं आजही खरी आहेत. ती आम्लांची नसून, प्रत्येक चतुष्फलकानं किती कोपरे वाटून घेतले याची आहेत. नातीला तसं सांगा, दोन्ही पुस्तकं तिला एकदम कळतील.

प्रश्न : सिलिकॉनचे इलेक्ट्रॉन १४, ॲल्युमिनियमचे १३. क्ष-किरणांना तर इलेक्ट्रॉनच दिसतात. मग फेल्स्पारमध्ये कुठल्या जागी कोण आहे, हे कसं सांगतात?

तीव्रतेवरून सांगणं फारच कठीण, अंतरावरून सांगतात. चतुष्फलकात सिलिकॉन असेल तर ऑक्सिजन सरासरी १.६१ अँगस्ट्रॉमवर असतो, ॲल्युमिनियम असेल तर सुमारे १.७४ वर. एकच स्फटिक घेऊन काळजीपूर्वक रचना काढली की ही अंतरं सहज पुरेशा अचूकतेनं मिळतात. मायक्रोक्लीनमध्ये चारपैकी एका जागेची अंतरं लांब येतात, म्हणजे ॲल्युमिनियम तिथेच गोळा झाला आहे. सॅनिडीनमध्ये सगळ्या जागा १.६४ च्या आसपास, म्हणजे ॲल्युमिनियम सगळीकडे सरमिसळ. सॅनिडीन ज्वालामुखीच्या लाव्ह्यात झटकन थंड झालेलं असतं, अणूंना आपापली जागा शोधायला सवड मिळालेली नसते. मायक्रोक्लीनला खोलवर मुरत थंड व्हायला वेळ मिळालेला असतो. अँगस्ट्रॉमच्या दहाव्या भागाच्या फरकातून खडकाच्या थंड होण्याचा इतिहास वाचता येतो, याचं मला आजही नवल वाटतं. हायड्रोजनसाठी मात्र हा मार्ग चालत नाही. त्याच्याकडे इलेक्ट्रॉन एकच, आणि तोही बंधात गुंतलेला. अभ्रकातला किंवा मृत्तिका-खनिजातला हायड्रोजन नेमका कुठे आहे, हे न्यूट्रॉन विवर्तन उत्तम सांगतं.

प्रश्न : आमच्या एका नमुन्यात शिखरं थोडीच आली आणि २० ते ३० अंशांच्या मध्ये एक बुटका, रुंद फुगवटा दिसतो. नळी खराब झाली आहे का?

तो फुगवटा जपून ठेवा, ती माहिती आहे: नमुन्यात काच, म्हणजे अस्फटिकी भाग, असावा. काचेतही सिलिकॉनभोवती चारच ऑक्सिजन असतात, पण चतुष्फलक लांबवर ठरावीक अंतरानं पुन्हा येत नाहीत. म्हणून धारदार शिखर न येता पसरट उंचवटा येतो. ज्वालामुखीची राख किंवा ओपल असेल, तर हेच अपेक्षित आहे. धोका असा, की सॉफ्टवेअर ओळखलेल्या स्फटिकांची बेरीज शंभर टक्के करून टाकतं आणि काच हिशेबातून गळते. ठाऊक वजनाचा शुद्ध कुरुविंद (कोरंडम) नमुन्यात मिसळा. तो घातला त्यापेक्षा जास्त मोजला गेला, तर काच लपलेली आहे, आणि ती किती ते त्या फरकावरून काढता येतं.

मंगळावर क्युरिऑसिटी या फिरत्या यानानं २०१२ साली पहिल्यांदा दुसऱ्या ग्रहावरच्या मातीचा विवर्तन आलेख काढला. त्यात प्लॅजिओक्लेज (एक फेल्स्पार), ऑलिव्हीन आणि पायरॉक्सीन तर मिळालेच, पण अस्फटिकी भागही बराच मोठा निघाला. त्या उपकरणात नळी कोबाल्टची आहे. तांब्याच्या किरणांनी लोहयुक्त नमुना स्वतः क्ष-किरण सोडू लागतो आणि आलेखाची पार्श्वभूमी वर चढते. कोबाल्टनं तो त्रास टळतो. तुमची राख लोहानं समृद्ध असेल, तर कोबाल्टची नळी असलेली प्रयोगशाळा शोधा.

प्रश्न : मी खनिजांचा संग्रह करतो. एखादा नमुना क्ष-किरणांखाली ठेवला तर तो किरणोत्सारी होतो का?

नाही. या किरणांची ऊर्जा इलेक्ट्रॉन हलवण्यापुरती असते, अणुगर्भात बदल घडवण्याइतकी नसते. यंत्र बंद झालं की नमुन्यात काहीही उरत नाही. रंग मात्र बदलू शकतो. पारदर्शक मीठ बराच वेळ किरणांत राहिलं की पिवळसर-तपकिरी होतं, आणि ॲल्युमिनियमचा अंश असलेलं क्वार्ट्झ धुरकट होऊ शकतं. म्हणून रंगासाठी जपलेला खडा आख्खा देऊ नका. त्याच्या तळाकडचा चिमूटभर चुरा काढून द्या, ओळख पटवायला तेवढा पुरतो.